मागचा पंखा

नई सडकेवरून खोकी आणली रिक्षात, मांडीवर.
रस्ता नवा सिमेंटचा, तरी प्रत्येक खड्डा मला लागला.
चौदा महिने लोकांच्या न बांधलेल्या घरांची
चित्रं काढत होतो उसन्या लॅपटॉपवर.
एका स्वयंपाकघरात उजेड पडायला
अख्खी रात्र जायची.

एकोणीस मे. बाहेर शेहेचाळीस.
दौलतगंजातल्या आमच्या वरच्या खोलीत एक्केचाळीस,
तेही कमळआत्याचा कूलर चालू म्हणून.

कमळआत्या मोटरी भरते.
खानवलकरांच्या घरात तिच्याआधी
तांबं हातात धरलं ते पळी-पंचपात्रापुरतं.
तिच्या बोटांना वार्निशचा वास आहे, आंघोळीनंतरही.

पाण्याचा घ्यावा की हवेचा
यावर आठवडाभर चाललं होतं.
मला पाण्याचा हवा होता: नळ्या, निळा उजेड.
ती म्हणाली, पाणी आणि वीज एका डब्यात
मी तीस वर्षं घालतेय, श्रीरंग.
तीस वर्षं गळतंय.
मग हवेचा घेतला. तळहातावर
एखादं लहान देऊळ ठेवावं तसा जड,
पत्र्याच्या पाकळ्या, मधून सहा तांब्याच्या नळ्या.
तांबं बघून तिचा चेहरा जरा सैल झाला.

प्रोसेसर बसवून खटका दाबला, कर्र झालं.
मोडलं वाटलं.
सगळ्यांनाच वाटतं म्हणे.
पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी लावायची.
पानाला चुना लावतोस का रे, ती हसली,
आणि लगेच: अजून अर्धा मूग.

रात्री अकराला पडदा उजळला.
मी ओरडलो नाही, खाली बाबा झोपले होते.
साडेअकराला वेग वाढवायला घेतला,
चार पॉइंट दोनवरून चार पॉइंट सात,
व्होल्टेज थोडं वर, अजून थोडं.
आकडा चढला. पंच्याऐंशी. एक्क्याण्णव. शहाण्णव.
मग यंत्रानं स्वतःच पाय ओढले,
चार पॉइंट दोनपेक्षाही हळू चालू लागलं.

आत्यानं देवघरातून उदबत्ती आणली.
मला वाटलं, आता ओवाळते की काय.
तिनं ती डब्यासमोर धरली. धूर आत गेला, ठीक.
मागे धरली. धूर
तिथूनही आतच गेला.
मागचा पंखा उलटा लावलाय, ती म्हणाली,
दोन्ही दारांतून पाहुणे येतायत,
जायचं कुणी कुठून?

चार स्क्रू. पंखा फिरवून लावला.
नेहमीच्या वेगाला अठ्ठ्याहत्तर.
मी परत वर न्यायला बघत होतो, तिनं माउसवर हात ठेवला.
मेमध्ये मोटरीला जास्त दाब देऊ नये.
पळते. खूप छान पळते.
मग वास येतो, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे येतं.
जानेवारीत बघू.

जून गेला, आंधीची माती जाळीत साठली,
दर रविवारी ब्रशनं काढली.
लाईट गेली की मी आधी डब्याकडे बघायचो, मग कुटुंबाकडे.

जानेवारीतल्या एका रात्री धुकं इतकं
की समोरच्या गच्चीवरची टाकी दिसेना.
खिडकी सताड उघडी. खोलीत सात अंश.
आत्या शालीत, त्यावर रजई, त्यातून फक्त चष्मा.
चार पॉइंट सात. आकडा चौसष्टवर टेकला
आणि तिथंच राहिला.
एका बिल्डरचा जिना अकराऐवजी
साडेनऊ मिनिटांत उजळला.

दीड मिनिट वाचलं, मी म्हणालो.
त्याचं काय करणार आहेस, तिनं विचारलं,
टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.
मला सांगता आलं नाही.

ती उठली. रजई घेऊनच डब्यामागे गेली,
आणि मागच्या पंख्यातून येणाऱ्या उबेवर
दोन्ही हात धरून उभी राहिली,
पहिले तळवे, मग उलटे करून.

अजून एक जिना आहे का, म्हणाली.